लाल चिंधी, काळी चिंधी

"आजी, तुम्ही बाहेर बसा. तुमचं काम झालं." पोरगी बोलली. डोळे कॉम्प्युटरवर. माझ्याकडे बघितलंपण नाही.

वागळे इस्टेटमधलं काचेचं ऑफिस. पूर्वी तिथंच आमचा शर्टांचा कारखाना होता. अर्धं आयुष्य मी तिथं धागे कापले. तिथंच आता दाराबाहेर बसले.

माझा मुलगा मराठीत रॅप करायचा. तेव्हा कोण करत नव्हतं. मागं कंपनी नाही, कोणी नाही. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत डोक्यावर गोधडी घेऊन मोबाइलमध्ये बोलायचा. एकेक गाणं दहा दहा वेळा. पंखा बंद. मी बाजूला घामात बसायची. मग विचारायचा, "आई, पास की रिजेक्ट?" मी बोलायची, पण ठरवायचा तोच. पास झालेल्या गाण्याचं मेमरी कार्ड लाल चिंधीत. रिजेक्ट काळ्या चिंधीत. कारखान्यात आम्ही मालाला असंच बांधायचो. मला वाचता येत नाही, आणि कार्डं सगळी नखाएवढी, सारखीच.

तो गेला. कार्डांचा डबा तसाच राहिला. मग ह्या काचेच्या ऑफिसवाल्यांचा फोन आला. त्याची गाणी कायमची जपून ठेवू, जगाला ऐकवू बोलले. म्हणून मी डबा घेऊन गेलेले.

काचेतून बघितलं. पोरीनं चिंध्या सोडल्या. कार्डं एका वाटीत ओतली. चिंध्या कचऱ्यात.

मी आत गेले. "अगं, टाकू नको. लाल म्हणजे..."

"आजी, कचरा होता तो."

तिचा साहेब हसला. "यातलं तुम्हाला काय कळणार? सगळंच टाकू नेटवर, फॅन्सना चालतं. इथं अंगठा द्या."

सगळंच. त्याचे अडकलेले शब्द. शेवटी शेवटी खोकल्यानं तुटलेला आवाज. त्यानं माझ्याशिवाय कुणाला ऐकू दिला नव्हता.

मला सही येते. केली नाही. कचऱ्यात हात घातला. चहाच्या कपांखालून चिंध्या काढल्या. वाटी माझ्या डब्यात उपडी केली.

"अहो आजी, काय करताय?"

"रिजेक्ट माल बाहेर जात नाही," मी बोलले.

आता रोज त्याच्या मोबाइलमध्ये एकेक कार्ड घालते. पंखा बंद करते. ऐकते. परत बांधते. विचारायला कोण नाही, मीच ठरवते.

त्यांचे फोन येतात. सांगितलंय, गाणी उतरवायचं मशीन कोपरला आणा. मी शेजारी बसणार. लाल तेवढं देणार. काळं माझ्याबरोबर जळेल.