हात मांडीखाली

डुलुथमधल्या ऑक्युपेशनल थेरपी फाउंडेशनच्या वेबसाइटवर संचालक मंडळाचे नऊ फोटो आहेत. आठ फोटोंखाली रीतसर मजकूर आहे. कोण कुठे शिकलं, कुठल्या हॉस्पिटलात किती वर्षं होतं, आणि नावापुढे पदव्यांची अक्षरं, काहींच्या बाबतीत इतकी की मूळ नाव शोधावं लागतं. नववा फोटो अध्यक्षांचा. त्याखाली डिसेंबरपासून 'माहिती लवकरच' असं लिहिलेलं होतं, आणि आता मार्च उजाडला होता.

अध्यक्ष म्हणजे आर्लिस ट्वेट, वय एकाहत्तर. सांगण्यासारखं काही कमी नव्हतं. दुभत्या गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी हॉस्पिटलच्या विणकामाच्या खोलीत मदतनीस म्हणून लागली, युद्धातून अधू होऊन आलेल्यांना हातमागावर बसवायला. मग सेंट पॉलला जाऊन याच थेरपीची पदवी घेतली. पक्षाघात झालेल्यांना पुन्हा दात घासायला, अंडं तळायला, पँट चढवायला शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि शेवटची बारा वर्षं तेच काम कॉलेजातल्या मुलींना शिकवण्यात. रुग्णांना लागणारी बारीकसारीक साधनं फुकट वाटणारं हे फाउंडेशन तिनेच चार मैत्रिणींना घेऊन काढलं होतं. त्या चौघींतली आता एकही उरलेली नाही.

घोडं अडलं होतं ते शेवटच्या ओळीपाशी. संचालिका जनेल कॉर्पीने पाठवलेल्या फॉर्मवर शेवटी विचारलं होतं, 'सध्या काय करता?'

सध्या आर्लिस लपवत होती. ऑक्टोबरात मागच्या पायरीवर ओल्या पानांवरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. गावात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत मंडळातल्या सगळ्यांना कळलं असतं, म्हणून पुलापलीकडच्या सुपीरियर गावाला जाऊन प्लास्टर घालून घेतलं. सगळ्यांना सांगितलं, बहिणीकडे ॲरिझोनाला चालले. आणि पडदे ओढून सहा आठवडे स्वतःच्याच घरात बसली, डबाबंद सूप खात, शेजाऱ्याच्या बर्फ काढायच्या यंत्राचा आवाज ऐकत. फोन एकदाही वाजला नाही. वाजला असता तर तिकडच्या उन्हाबद्दल काय सांगायचं, तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

प्लास्टर निघालं, पण अंगठा आणि दोन बोटं बधिर ती बधिरच राहिली. हे कुणाला कळलं तर पुढे काय होणार ते तिला तोंडपाठ होतं, कारण दुसऱ्यांच्या बाबतीत ते तिनेच केलं होतं. आधी स्वयंपाकघरात चहा करून दाखवायचा, मग गाडीची चाचणी, मग कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणणार, 'आता तुम्ही थोडा आराम करा.' अध्यक्षपद गेलं की गुरुवारची बैठक गेली, आणि गुरुवार गेला की तिच्या आठवड्यात तिच्याशी बोलणारं माणूसच उरत नव्हतं. तिला भीती होती ती एवढीच.

घरी ती रसेलचा आकडा वापरायची. रसेल म्हणजे तिचा गेलेला नवरा, पक्षाघाताने त्याचा एक हात लुळा पडला होता, आणि आकडा म्हणजे लाकडी मुठीतला तारेचा फासा, तो काजातून घालून एका हाताने बटण ओढून घ्यायचं. पण तो पर्समध्ये ठेवायची सोय नव्हती, मंडळातल्या कुणीही दहा पावलांवरून ओळखला असता. म्हणून बाहेर जाताना लोकरी कोट उघडाच. "मला उकडतं," ती सांगायची. गावालगतच्या सरोवरावरचा वारा नाकाचा शेंडा बधिर करत असताना ही बाई उकडतं म्हणायची, आणि समोरच्या सगळ्या थेरपिस्ट "हो का?" म्हणून मान डोलवायच्या. आर्लिसला वाटायचं, काय शिकल्यात या मुली, यांना डोळे आहेत की नाही.

मार्चमधल्या गुरुवारी वार्षिक बैठक होती, लुथरन चर्चच्या तळघरात. अध्यक्षांची मुदत वाढवायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. जेवणाला रानतांदळाचं सूप आणि लिंबाच्या वड्या होत्या. आर्लिस डाव्या हाताने सावकाश जेवली, उजवा मांडीवर रुमालाखाली ठेवून. जनेलने नाव पुकारलं आणि आठही हात वर गेले. आर्लिसने खाकरून विषयपत्रिकेवरचा पुढचा मुद्दा घेतला.

सगळ्या निघून गेल्या असं पाहून ती कोटांच्या खोलीत गेली. बाहेर वादळ सुरू झालं होतं. आणि खरं सांगायचं तर ती खुशीतही होती. आज चारचौघींसारखा कोट बंद करून घरी जावं असं तिच्या मनाने घेतलं. पहिलं बटण निसटलं. दुसरं अर्धं शिरलं आणि मागे आलं. तिने खांद्याने भिंतीला टेकून पाहिलं, दातांनी काजाची कड धरून पाहिली. बोटं स्वतःची असून ऐकत नव्हती. तिला रडू आलं, आणि डोळे पुसायला तिने मान वर केली तर दारात जनेल उभी. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"किती वेळ उभी आहेस तू?"

"दहाएक मिनिटं झाली."

"दहा मिनिटं बघत होतीस?"

"बघते तर जानेवारीपासून," जनेल म्हणाली. "मी हातांचीच थेरपिस्ट आहे, आर्लिस. नसते तरी कळलं असतं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना? आणि तरी आज हात वर केलेत?"

"अध्यक्षाला बटणं लावता आली पाहिजेत असं कुठे लिहिलंय?"

आर्लिस मटकन बाकावर बसली. म्हणजे ते पडदे, ते ॲरिझोना, ते उकडणं, सगळं फुकट गेलं होतं. आठ जणींनी तिला अडीच महिने उघड्या कोटाने वाऱ्यात जाताना पाहिलं होतं. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला.

"मग एकीलाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

"तुम्हीच शिकवलंत," जनेल म्हणाली. "हात मांडीखाली घेऊन बसायचं. ज्याचं काम त्याला करू द्यायचं. रसेलच्या शर्टाची गोष्ट दर वर्षी सांगायचात ना वर्गात."

सांगायची खरी. स्वतःच्या भावाच्या अंत्यविधीच्या सकाळी रसेल एका हाताने पांढरा शर्ट घालत होता. बावीस मिनिटं लागली. आर्लिस समोरच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. चर्चमध्ये पोचेपर्यंत पहिली प्रार्थना होऊन गेली होती, पण बटणं त्याची त्यानेच लावली. वर्गातल्या मुली हे ऐकून वहीत लिहून घ्यायच्या, आणि आर्लिसला स्वतःचा अभिमान वाटायचा.

एक वाक्य तिने वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. चौथ्या बटणाशी रसेल थांबला होता आणि म्हणाला होता, "आर्लिस, आजच्या दिवस तू लाव." ती म्हणाली होती, "जमेल तुला. वेळ आहे आपल्याकडे." त्याने मग पुन्हा मान खाली घातली. त्यानंतर तो दोन वर्षं होता. त्या दोन वर्षांत त्याने तिच्याकडे काहीही मागितलं नाही, आणि ती ते त्याची प्रगती म्हणून नोंदत राहिली.

"त्याने मागितलं होतं गं," आर्लिस म्हणाली.

"कुणी?"

आर्लिसने उजवा हात पुढे केला, कोटाच्या दोन्ही कडा तशाच लोंबत होत्या.

"जनेल, आजच्या दिवस तू लाव."

जनेल गुडघ्यांवर बसली आणि तिने खालून वर एकेक बटण लावलं. पाच बटणांना अर्धं मिनिटही लागलं नाही.