हरणाशेजारची बाई

सरक गं बाय, जरा जवळ सरक. पुण्यात बसलीस म्हणून काय झालं, तिथल्या तिथं सरक आणि आजीचं ऐक. मी रागावलेय तुझ्यावर. मोबाईलवर सारखे फोटो धाडतेस. परवा चिखलात लोळणारा पाणघोडा, काल मान वाकडी करून बसलेलं घुबड. मधेच रस्त्यावरची कुठली तरी पाटी, ‘इथे गाडी लावू नये. कुत्रा आमचाच आहे, पण आमचंही ऐकत नाही.’ मी हसते, शेजारणीला दावते. ती विचारते, “सगळं खरं, पण नात कुठाय ह्यात?” आता काय सांगू तिला? पाणघोड्याचे दातसुद्धा दिसतात, तू दिसत न्हाईस.

हे मी का बोलते, ते कळायला तुला तुझ्या आईच्या लहानपणात यावं लागंल.

त्या साली आमच्या आष्टीकडं पाऊस असा रुसला, की विहिरीच्या तळातले दगड पांढरे पडले. दसऱ्याची वाट न बघता आम्ही दोघं नवराबायको ऊसतोडीला निघालो, लांबच्या एका सहकारी साखर कारखान्यावर. तुझी आई तवा बोबडं बोलायची. तिला माझ्या सासूपाशी ठेवलं. आदल्या सालीही ठेवलं होतं, तर परत आल्यावर पोरगी सासूच्या पदराआड दडली नि म्हणाली, “आजी, ही बाई कोण हाय?” माझ्या हातातला खाऊ हातातच राहिला. त्यामुळं ह्या खेपेला निघताना एकच भीती, पार विसरली तर?

कारखान्याच्या फाटकाजवळ बाग होती. जाळीत हरणं, मोर, एक म्हातारं माकड. तोडकऱ्यांना आत सोडायचे न्हाईत. पण त्या साली हरणांनाही चारा पुरंना. बागेचा राखणदार जाळीतून म्हणाला, “ताई, वाढं आणून देशील का?” वाढं म्हंजे उसाचा हिरवा शेंडा, तोडणाऱ्याच्या वाट्याचा.

मी म्हणलं, “देते की मामा. पण हरणाशेजारी फोटो काढायचाय.”

“तुझा का हरणाचा?”

“दोघांचा. नुसता माझा धाडला तर लेक बघायची न्हाई. हरणाला बघंल, त्याच्या नादानं मला बघंल.”

मामानं दार उघडून मला आत घेतलं. बाजारादिवशी तिथं फोटोवाला यायचा, त्याला मामानंच हाक मारली.

पहिला फोटो असा, डोक्यावर वाढ्याचा भारा आणि शेजारी हरीण. दुसरा माकडाच्या पिंजऱ्यापाशी. तिथं पाटी होती, मला तवा अक्षर येत नव्हतं, मामानं वाचून दावली, ‘माकडाला आरसा दाखवू नये. मागे एकदा जेवले नव्हते.’ मी अशी हसले, की फोटोत डोळेच मिटलेले आलेत. तिसरा बाहेरच्या रस्त्यावर, ‘पुढे वळण आहे. घरी लेकरं आहेत,’ ह्या पाटीखाली. त्यात मात्र मी हसले न्हाई.

गावाकडं निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती फोटो धाडले. माझी सासू लई हुशार. दिवेलागणीला उंबऱ्यात बसून पोरीला म्हणायची, “हरीण दाव.” पोरगी बोट ठेवायची. “आन् हरणाला खाऊ कोण घालतं?” बोट माझ्यावर सरकायचं. हे सगळं मला मागाहून कळलं.

पाडव्याच्या सुमाराला हंगाम संपला. आमचा ट्रक गावात शिरला. मी उतरले. तुझी आई ओट्यावर उभी राहून बघत होती. मग पळत सुटली, आणि माझ्या शेजारून सरळ ट्रकच्या मागं गेली. वाकून चाकांआड बघितलं.

“हरीण कुठाय?”

“तिकडंच राहिलं गं.”

“मग त्याला वाढं कोण घालणार?”

सगळ्या बाया हसायला लागल्या. आपली आई दर साली हरणं चारायला जाते, असं ती गावभर सांगत फिरलेली. सासू ओरडली, “आगं, आधी आईला तर बघ!”

पोरगी वळली. माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं नि म्हणाली, “बघितलंय की. आईच हाय. रोजच बघते.”

आणि पुन्हा चाकाखाली वाकली. मी तिला तशीच मागनं उचलली.

ते फोटो अजून डब्यात हायेत. तुझी आई अंबाजोगाईहून आली की डबा उघडते, अन् आधी हरीणच बघते. पुढं तिच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली, म्हणून तर तुझ्या त्या कुत्र्याची पाटी मला वाचता आली.

तवा बाय माझे, पाणघोड्याशेजारी जरा उभी राहत जा. तुझ्या मामाची धाकटी आता बोलायला लागलीय. मोबाईलमधला पाणघोडा ओळखते, घुबड ओळखते. तुला ओळखायला तिनं काय बघावं? तिनं ‘ही बाई कोण’ म्हणायच्या आत एकदा ये. हरीण न्हाई आपल्याकडं, शेळी हाय. तिच्याशेजारी तुम्ही दोघी उभ्या राहा, फोटो मी काढते. लवकर ये.