हात पुढं केला नाही

संयोगिता आवळे कवठे महांकाळच्या बेदाणा शेडवर निवडायला जायची आणि रविवारी चर्चच्या मंडळीत गाणी सांगायची. आवाज असा खडा, की पेटी नसली तरी अडायचं नाही. नवरा धैर्यशील ट्रकवर. पदरात मूल नव्हतं, म्हणून पाळकसाहेब खास प्रार्थना करायला घरी आले. डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटायला सांगितलं. हात खाली सरकला तशी ती "नको" म्हणाली, ढकललं. त्यानं ऐकलं नाही.

धैर्यशील फेरीवरून आल्यावर तिनं त्याला सांगितलं. तो तडक मंडळीच्या पंचांकडं गेला. पंच बसले, पण तिला बोलावलं नाही. नंतर त्यांच्यातले नानासो घरी निरोप घेऊन आले. "रविवारी प्रभुभोजनाआधी पाळक माफी मागतील. तू हात मिळव, विषय संपला."

"मला इचारलं कुणी?"

"त्यात काय इचारायचं? आपुन ख्रिस्ती. क्षमा करायलाच पायजे."

"त्यानंबी इचारलं नव्हतं, मामा."

नानासोंनी चहाला तोंडही न लावता चपला घातल्या.

रविवारी पाळक सगळ्यांसमोर उभा राहिला. "माझ्याकडून चूक झाली," एवढंच पुटपुटला आणि हात पुढं केला. संयोगितानं हात उचलला नाही.

"कसली चूक, ते सांगा की! मी नको म्हणत व्हते, तुमी माझं तोंड दाबलं. ह्याला गुन्हा म्हणत्यात."

"देवाच्या घरात असलं बोलत्यात व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हितंच बोलणार! देवाचं नाव घिऊनच केलंय त्यानं."

तिथूनच ती धैर्यशीलला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. शेडवरची अख्तरबी निरोप मिळताच धावत आली. हवालदार म्हणाला, आपसात मिटवा. अख्तरबीनं बाकड्यावर बैठकच मारली. "लिवून घेतल्याबगार आमी उठत न्हाई."

फिर्याद झाली, अटक झाली, जामीनही झाला. पण बातमी आष्ट्याला पोचली आणि तिथल्या पाळकाच्या जुन्या मंडळीतल्या दोघी, आपल्याशीही त्यानं तेच केलं, असं सांगत पुढं आल्या. मग चर्चच्या वरच्यांनी त्याला कामावरून दूर केलं.

निम्मी मंडळी आजही संयोगिताशी बोलत नाही. गाणी सांगायचं काम दुसरीला दिलंय. ती तरी जाते, पुढच्या ओळीत बसते, मोठ्यानं गाते. नानासोंची बायको एकदा बाजारात म्हणाली, "आता राग सोड की गं."

"कवा सोडायचा, तेबी तुमीच ठरवणार?"

खटला सांगलीच्या कोर्टात चालू आहे. ओरडली का नाहीस, असं पाळकाचा वकील फिरवून फिरवून विचारतो. उत्तर देताना तिचा आवाज चढतो, पण शब्द बदलत नाहीत. नको म्हणाले होते.