हललेले फोटो

कॅमेरा मी वाघासाठी घेतला होता. मेळघाटात सेमाडोहला जायचं, जिप्सीत बसायचं, वाघ समोर आला की खट्कन फोटो, असं सगळं डोक्यात ठरलेलं. निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कोणाला देव लागतो, कोणाला शेअर बाजार. मला अमरावतीच्या एका दुकानात काचेमागे ठेवलेली लांब नळीची लेन्स लागली. मुलगी तिथेच सासरी असते, तिला सोबत नेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, हे तुमच्याच्यानं जमन का?"

"काहून नाई जमनार? दर्यापूरच्या गाडीची गर्दी आवरली जिंदगीभर, हे डबडं नाई आवरनार?"

बसस्टँडवर गाड्या लावण्यात माझी सगळी नोकरी सरली. आवाज असा कमावला, की भोंगा बिघडला तरी कोणाचं अडत नसे.

आणि मग बायकोचा गुडघा आडवा आला. दुखत तो वर्षानुवर्षं होताच. डॉक्टर म्हणाले, आता बदलूनच टाका. ऑपरेशन झकास झालं, अकोल्यातल्या घरी आणलं, पण बाई उठेचना. पलंग ते बाथरूम, बाथरूम ते पलंग, तेही वॉकर धरून, मला शिव्या घालत. व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. गोड बोलून बोलून त्या थकल्या आणि एक दिवस मला बाहेरच्या ओट्यावर बोलावून म्हणाल्या, "काका, आता चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल. मग नवा बसवून काय उपयोग?"

मी घाबरलो. घरात आम्ही दोघंच, आणि ते घर तिच्या पायांवर चालतं, माझ्या नाही. हे तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "गुडघा तुमचा कापला का? मंग गप बसा."

वाघ राहिला मेळघाटात. मी गप बसलो.

तिचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीशी होता. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, आणि त्याची एक जुनी वायर खाली लोंबत असायची. 'कापा' म्हणून ती वर्षभर ओरडली, 'कापतो' म्हणून मी वर्षभर ढकललं. त्या वायरच्या टोकाला शिंजीर पक्ष्याने घरटं बांधायला घेतलं. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा जीव, फुलातला रस पिणारा. नर उन्हात जांभळा चमकतो, मादी साधी पिवळट, आणि घरट्याचं काम सगळं मादीच करते. हे शेवटचं मला बायकोने मुद्दाम ऐकवलं. काड्या, कोळ्याचं जाळं आणि आमच्याच कूलरमधलं जुनं गवत ओढून त्या मादीने एक लोंबती पिशवी तयार केली. बघणाऱ्याला वाटावं, वायरला कचरा अडकलाय.

तेवढ्यात ऊन तापलं. अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगावं? भर एप्रिलात कूलर न लावता झोपणारा माणूस इथे एक तर संन्यासी असतो, नाहीतर त्याच्याकडची लाइट गेलेली असते. मी बटणाकडे हात नेला तर पलंगावरून आवाज आला, "हात लावू नोका. अंडे हायेत आत."

"अन् तुह्यं काय? भाजून निघशीन."

"मले समोरच्या खोलीत न्या. तिथला कूलर लावा."

शेजाऱ्याला हाक मारली, पलंग पुढे हलवला. आता घरटं मागे, ती पुढे, आणि मध्ये स्वयंपाकघर. दुसऱ्याच दिवशी सकाळी फर्मान निघालं, "त्या कॅमेऱ्याचा काई उपेग हाय का? घरट्याचा फोटो काढून दाखवा मले."

अशी माझी शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस कॅमेऱ्याने मला फक्त कूलरची जाळी दाखवली. पण काय जाळी होती! एकेक तार, तारेवरचा गंज, गंजावरची धूळ, सगळं लख्ख. मागे घरट्याच्या जागी खाकी धूर. मी कॅमेऱ्याला माझ्या बसस्टँडच्या आवाजात दोन शब्द सुनावले, तर शिंजीर उडून गेली आणि बराच वेळ आलीच नाही. फोटो पाहून बायको म्हणाली, "जाळी चांगली आली. कूलर इकाचा हाय का?"

हात बसावा म्हणून मी अंगणातल्या बाकीच्या मंडळींवर सराव करू लागलो. सातभाई पक्षी भांडत येतात आणि भांडत जातात, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे. त्यांच्या प्रत्येक फोटोत कोणाचं तरी बूड आलं. मुंगसाची शेपटी मिळाली, मुंगूस पुढे निघून गेलं होतं. सरडा तेवढा गुणी निघाला, हलला नाही. पण सरड्याचा फोटो पाहायला घरात कोणी तयार नव्हतं.

मग एका सकाळी घरट्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. मी कॅमेरा घेऊन खिडकीशी धावलो. तसाच फोटो काढला आणि पुढच्या खोलीत पळालो. बायकोने चष्मा लावला, कॅमेरा उभा धरला, आडवा धरला.

"हे काय हाय?"

"पिल्लू."

"मले तं आलूबोंडा दिसून राह्यला."

"हललं जरासं."

"कोन हललं?"

"मीच."

तिने कॅमेरा गादीवर ठेवला. "तुमच्या भरवशावर राह्यली तं त्या पिल्लाईचे नातू उडून जातीन. आना तो वॉकर इकडे."

मी वॉकर दिला आणि हात पसरून मागे मागे निघालो. शिव्या चालू होत्या, पण पाऊलही चालू होतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दम घेतला, माझ्या भांडी लावण्याला नावं ठेवली, आणि खिडकीशी पोचली. मादी चोचीत कोळी धरून आली. घरट्याच्या भोकातून दोन उघड्या चोची बाहेर आल्या. बायको गजाला धरून पुढे वाकली. म्हणाली, "उपाशी हायेत बिचारे."

त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, सगळं कॅमेऱ्यावर सोडू नका. फोकसचा मधला एकच ठिपका ठेवा, अन् शटरचा वेग वाढवा." तिने सांगितलं तसं दुसऱ्या दिवशी केलं, आणि फोटो असा आला की मी स्वतःच थक्क. चोचीतल्या कोळ्याचे पाय दिसत होते. पिल्लांच्या चोचीची पिवळी कड दिसत होती. दाखवायला पळत सुटलो आणि गॅसपाशी थांबलो. हा फोटो पाहिला तर ही उठेल कशाला?

तिथेच उभं राहून मागचा आलूबोंडा शोधून काढला आणि तोंड पाडून तिच्यासमोर धरला.

"आजबी?" ती म्हणाली.

"आजबी."

"काय मानूस हाय बाप्पा. आना वॉकर."

पुढे हा माझा धंदाच झाला. आधी एक चांगला फोटो काढायचा, मग वेग कमी करून, हात हलवून एक बिघडवायचा. मुद्दाम वाईट फोटो काढणं सोपं नाही, राजेहो. फार हलवला तर संशय येतो, कमी हलवला तर बरा येतो. कॅमेरा मी खरा शिकलो तो असा.

पिल्लं उडाली तेव्हा ती खिडकीशी होती आणि मी दात घासत होतो. आता कारण संपलं, म्हणून मला धास्ती बसली. दुसऱ्या सकाळी अंगणाच्या कोपऱ्यातल्या लिंबावरच्या बुलबुलचा फोटो मुद्दाम हलवून काढला आणि तिच्याकडे नेला. तिने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मागच्या दाराची पायरी उतरून लिंबापर्यंत गेली.

रविवारी मुलगी आली. मला चहा टाकायला पाठवून आईजवळ बसली आणि कॅमेऱ्याची बटणं दाबत सुटली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "बाबा, हे तुम्ही काढले?" माझ्या हातातला साखरेचा डबा आडवा झाला. तसाच बाहेर गेलो. पडद्यावर शिंजीर, कोळी, चोची, सगळे चांगले फोटो एकामागून एक. पुसून टाकायचं मला सुचलंच नव्हतं.

बायको शांत होती. "मी पाह्यले ते. हे आंघोळीले गेले का रोज पायत होती."

"मंग उठत काहून होती?" मी विचारलं.

"तुमी रोज असे तोंड पाडून उभे राहत होते. इतकं मन लावून खोटं बोलताना तुमाले कधी पाह्यलं नोतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हटलं, मानूस एवढा भ्याला हाय, तं चालावं."

 माझे डोळे भरून आले, पोरीसमोर लाज वाटली, तरी आले. तेवढ्यात आत चहा उतू गेल्याचा चर्र आवाज झाला. मी हलायच्या आत बायको उठली. वॉकर पलंगाशीच राहिला, ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला आणि तिथूनच ओरडली, "एवढी साखर कोनं सांडली इथं?"

 मी तिला ओरडू दिलं.