सुभेदारांची रविवार परेड

दर रविवारी सकाळी, शहाणी माणसं अजून पांघरुणात असताना, आमच्या अंगणात शिट्टी वाजायची. चांगली लांबलचक, कानात घुसणारी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुठेतरी आग लागली असं वाटून मी बनियनवरच बाहेर धावलो. बाहेर खाकी हाफपँट आणि बूट घातलेले आमचे घरमालक सुभेदार ताठ उभे होते, आणि त्यांच्यापुढे चाकं काढलेली एक जुनी जीप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. "मेंटेनन्स परेड," त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून सांगितलं. "पलटणीत दर आठवड्याला असायची. या मास्तर, फॉल इन." परेडला त्या जीपशिवाय दुसरं कोणीही नव्हतं. आष्ट्याच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. रविवारची झोप मी त्या भाड्यात धरली नव्हती.

जीप लष्कराच्या लिलावातून घेतलेली. सुभेदारांची सगळी नोकरी गाड्यांतच गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी म्हैस न घेता जीप घेतली याचं गावाला फारसं नवल वाटलं नाही. पण ती हौसेसाठी नव्हती. त्यांच्या बायकोचं, आमच्या काकींचं, माहेर पाटणच्या वर डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत. एसटी पायथ्याला सोडते आणि पुढे नुसती दगडांची चढण. काकींचे गुडघे गेले आणि माहेर सुटलं. वर त्यांची आई होती, अंथरुणाला खिळलेली. तिला खाली आणणं शक्य नव्हतं आणि काकींना वर चढणं शक्य नव्हतं. तेव्हा सुभेदारांनी बायकोला शब्द दिला, "तुला आईच्या दारात उतरिवतो. पाय जमिनीला लावायचा न्हाई वाटंत." चारही चाकं ओढणारी गाडीच तिथे चढणार, म्हणून ही जीप.

शब्द खरा होता, पण त्याच्या आड सुभेदारांचा एक नियम यायचा. "निम्मी गाडी गेटाबाहेर न्हाई." जुनं पेट्रोल इंजिन चढणीला दम टाकेल म्हणून त्यांनी डिझेल इंजिन बसवलं. डिझेलला जुना गिअरबॉक्स मानवेना, म्हणून तो बदलला. वजन वाढलं म्हणून ते पेलणारे कमानपाटे बदलले. पाटे बदलले म्हणून ब्रेक. एक काम मिटवलं की ते दोन कामं काढून ठेवायचे. मलकापूरला हायवेकडेच्या भंगारवाल्याकडे त्यांना जावयाचा मान होता, आल्या आल्या खुर्ची आणि चहा. संध्याकाळी हात पुसून ते जीपसमोर सावधानमध्ये उभे राहायचे आणि समोर कोणी अधिकारी असल्यासारखा रिपोर्ट द्यायचे, "गाडी अनफिट." मग मला सोडायचे. मला हसू यायचं आणि चीडही यायची.

त्यातलं एक काम मात्र मी कधी विसरणार नाही. काकींना जीपमध्ये चढता यावं म्हणून त्यांनी डाव्या दाराखाली लोखंडी पायरी बसवायला घेतली. काकींना अंगणात उभं करून त्यांचा पाय किती उचलतोय ते बघितलं, तेवढ्या उंचीवर पायरी वेल्डिंग केली. काकींनी पाय ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कळ उमटली. सुभेदारांनी लगेच ती पायरी कापून खाली घेतली. नंतर पुन्हा एकदा घेतली. शेवटी काकी सहज चढल्या, सीटवर बसल्या, समोरच्या काचेतून गोठ्याची भिंत बघत थोडा वेळ बसूनच राहिल्या. "हितनं दिसंल का रं मास्तर, आमच्या वाडीचा कडा?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी सुभेदार शीळ घालत काम करत होते.

दुपारी काकींच्या भावाचा फोन यायचा. वाडीत रेंज फक्त देवळामागच्या खडकावर, म्हणून तो तिथे जाऊन बोलायचा आणि आईचा निरोप सांगायचा. निरोप नेहमी एकच, गाडी झाली का. काकी अंगणाकडे बघायच्या. जीपखालून सुभेदारांचे नुसते बूट दिसत असायचे. बूट म्हणायचे, "फुडच्या ऐतवारी." काकी तेच फोनमध्ये सांगायच्या, न चिडता. मला त्यांच्या त्या न चिडण्याचा फार राग यायचा.

एकदा न राहवून मी म्हटलं, सुभेदार, एक दिवस भाड्याची जीप करा, काकींना आईला भेटवून आणा, मग ही गाडी जन्मभर दुरुस्त करत बसा. ते जीपखालून बाहेर आले. हात पुसत त्यांनी सांगितलं की डोंगरात पोस्टिंग असताना एका रविवारी त्यांनी घाईत एक गाडी पास केली होती. ब्रेकचा पाइप हाताने चाचपायचा राहिला होता. ती गाडी घाटात गेली आणि तिचा ड्रायव्हर परत आला नाही. शेजारच्याच गावचा पोरगा होता. "त्याच्या आईम्होरं म्या उभा राह्यलोय मास्तर," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या ब्रेकवर हिला बसवू व्हय?" मी पान्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

माघात, ऊसतोड ऐन भरात असताना, एका सकाळी भावाचा फोन आला. आईने डोळे मिटले होते, लगेच निघा. त्या वेळी गिअरबॉक्स अंगणात पोत्यावर उघडा पडला होता आणि ब्रेकचे पाइप भिंतीला टांगलेले होते. सुभेदारांनी एकदा गाडीकडे बघितलं आणि मला सांगितलं, कार बोलवा. दुसऱ्याच्या ब्रेकवर आम्ही तिघं निघालो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, पुढे जाता येईना. काकी मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. सुभेदार प्रत्येक ट्रॉलीला पुटपुटत शिव्या देत होते, आणि मला कळत होतं की त्या शिव्या ट्रॉलीला नाहीत.

पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एसटीच्या थांब्यावर एक जीप उभी होती, मागे दुधाचे रिकामे कॅन. सुभेदार धावतच त्या ड्रायव्हरकडे गेले आणि वर चढते का विचारलं. "चढती की," तो म्हणाला. "रोज दूध आणतोय न्हवं वरनं." सुभेदार त्याच्याकडे बघतच राहिले. ब्रेकबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, नुसता त्याचा हात धरला. तेवढ्यात काकींनी हाक मारली. त्या रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या होत्या आणि वर बघत होत्या. कड्याच्या मागून धूर वर चढत होता. पोरीला चढण झेपणार नाही आणि जावई तिला दुसऱ्याच्या गाडीत बसवणार नाही हे वाडीला ठाऊक होतं, म्हणून दिवस मावळायच्या आत त्यांनी दहन उरकून घेतलं होतं. काकींनी धुराला हात जोडले. "ऱ्हाऊ द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता वर कुणाकडं जाऊ?"

त्यानंतर सुभेदारांनी रविवारची वाट बघितली नाही. रोज पहाटेपासून काम, शिट्टी नाही, परेड नाही. मी शाळेतून यायचो तेव्हा ते गाडीखाली असायचे, आणि त्यांचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं. पूर्वी काकी चहाचा कप बॉनेटवर आणून ठेवायच्या. आता तोही ओट्यावरच राहायचा. दोघांत भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

उन्हाळ्यात माझी साताऱ्याला बदली झाली. निघायचा दिवस नेमका रविवार होता. माझं सामान टेम्पोत चढत असताना अंगणात कित्येक महिन्यांनी शिट्टी वाजली. जीप चारही चाकांवर उभी होती, हिरवा रंग नुकताच दिलेला. सुभेदारांनी सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. ते खाली उतरले, सावधान झाले आणि म्हणाले, "गाडी फिट." आवाज मात्र पूर्वीचा नव्हता. मग ते घराच्या दाराकडे वळून नुसतेच उभे राहिले. काकींना बोलवायचं धाडस त्यांना झालं नाही.

काकी आपणहून आल्या. ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या. पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली, अलगद चढून सीटवर बसल्या. सुभेदार घाईघाईने स्टिअरिंगवर जाऊन बसले. अंगणाचं फाटक उघडं होतं आणि समोर आष्ट्याचा रस्ता मोकळा होता. मी टेम्पोपाशी उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, आता कुठेही न्या, पण न्या. इंजिन चालू होतं. काकी काचेतून समोर बघत होत्या.

"बंद करा," काकी शेवटी म्हणाल्या. "उगी डिझेल जळतंय."

सुभेदारांनी चावी फिरवली. काकी पायरीवरून उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी निरोप घ्यायला पुढे झालो, तर सुभेदार बॉनेट उघडून आत वाकले होते.

"मास्तर, तेवढा बारा-तेराचा पाना द्या," ते वर न बघता म्हणाले. "गाडी अनफिट."

मी पाना त्यांच्या हातात दिला आणि टेम्पोत जाऊन बसलो.