राजाच्या एका उडीसाठी नऊ कंटेनर

घरात एक लॅपटॉप आणि एक रिटायर्ड मेकॅनिक असले की किस्से गोळा करत बसावं लागत नाही, ते आपोआप साचतात. मी पुण्यातल्या एका कंपनीचं टेस्टिंगचं काम म्हाळुंगे पडवळच्या घरून करते. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं चालतंय का ते बघायचं, आणि चालत नसलं की तक्रार लिहायची. बनवायचं काही नाही! पण हा फरक गावात कुणाला सांगणार? कॉम्प्युटरवाली म्हणजे तिला सगळंच आलं पाहिजे. त्यातूनच हा बुद्धिबळाचा घोळ झाला, आणि खरं सांगते, त्यातलं निम्मं मला अजूनही कळलेलं नाही.

आधी माणसं सांगते. माझे सासरे अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांचे दोस्त नाना, पिंपळवंडीचे. आणि संदेश, नारायणगावात त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. पूर्वी तिथे त्याच्या वडिलांचं रेडिओचं दुकान होतं, तेव्हापासून मागच्या बाकड्यावर अण्णा आणि नाना दर आठवड्याला बुद्धिबळ खेळत आलेले. तीस वर्षं तरी झाली असतील.

मग नाना पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांना पुण्याला नेलं. कानांनी आधीच राजीनामा दिलेला, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. दुसरं ऑपरेशन महिन्याभराने करायचं ठरलं. डॉक्टर नानांच्या मुलाला म्हणाले, वय बघता खात्री देता येत नाही. ते ऐकून अण्णा म्हणाले, "त्याच्या आधी एक डाव झाला पायजे."

*

नानांच्या मुलाने दोघांना बुद्धिबळाच्या एका वेबसाइटवर खाती काढून दिली. फुकट, जाहिराती नाहीत, एकदम छान. पहिल्याच डावात अण्णा फोन घेऊन तडक संदेशच्या दुकानात.

"जय भीम अण्णा. काय झालं?"

"टच गेलाय. घोडा चालतो, उंट चालतो. राजा उडी मारीना."

संदेशने स्क्रीन पुसली, गार्ड बदलला, फोन बंद-चालू केला. राजा जागच्या जागी. शेवटी त्याने विचारलं, "कुठली उडी अण्णा?"

आमच्याकडच्या खेळात राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आजोबा-पणजोबांपासून तसंच खेळतात. जगाच्या बुद्धिबळात ती उडी नाही, हे अण्णांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, स्क्रीन गार्ड बदलल्यावर समजलं. ते म्हणाले, "मग जग इतके दिस खेळतंय काय?"

*

आग लावली ती संदेशने. म्हणाला, "अण्णा, ह्या वेबसाइटचा कोड ओपन हाय. कुणीबी घ्यावा, आपल्याला पायजे तसा बदलावा. वैशालीवहिनी हायेत की घरात."

वहिनींना म्हणजे मला तेव्हा एवढंच माहीत होतं की अशी वेबसाइट आधी आपल्या मशीनवर चालवून बघावी लागते, आणि त्यासाठी कंटेनर लागतात. कंटेनर म्हणजे लॅपटॉपच्या आत केलेली एक बंद खोली. वेबसाइटला लागणारं सामान त्या खोलीत राहतं, बाहेर आपल्या घरात पसारा होत नाही. एका खोलीत खेळाडूंची माहिती, एका खोलीत खुद्द साइट, असं. सुरुवातीला एक यादी येते आणि विचारते, यातलं काय काय हवं? मला एकाही नावाचा अर्थ लागेना. म्हटलं, ऐन वेळी नडायला नको, आणि सगळ्यावर टिक केलं. नऊ खोल्या झाल्या.

ते सामान डाउनलोड व्हायला आमच्या नेटवर सकाळचे चार तास लागत होते. मी तेवढ्यात मळ्यात जाऊन आले. येऊन बघते तर लॅपटॉपचं झाकण बंद, त्यावर टीव्हीचं भरतकाम केलेलं कव्हर, आणि वर अण्णांचा चष्मा.

"धूळ बसत व्हती," अण्णा म्हणाले.

झाकण लावल्याबरोबर लॅपटॉप झोपलेला. डाउनलोड पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जीपने नारायणगाव गाठलं आणि संदेशच्या नेटवर काम उरकलं. अण्णा सोबत होते. लॅपटॉपपासून चार हात लांब बसायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं.

*

सामान आलं, पण साइट सुरू होईना. अर्धा तास लॅपटॉपचा पंखा बोंबलायचा आणि मग सगळं आपोआप बंद. पडद्यावर फक्त एक आकडा, एकशे सदतीस. संदेशने तो आकडा इंटरनेटवर शोधला, आणि दोन दिवस शोधतच राहिला. कुणी म्हणे हे बदला, कुणी म्हणे ते काढून परत टाका. आम्ही बदललं, काढलं, परत टाकलं. आधी निदान अर्धा तास चालायचं, आता दहाच मिनिटं चालायला लागलं. मला रडू यायचं बाकी होतं, कारण महिन्यातले अकरा दिवस संपले होते.

अण्णा उठले आणि लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात लावून उभे राहिले. डोळे मिटलेले.

"ही गाडी चढाला लागलीय. माल किती भरलाय?"

"नऊ खोल्या," मी म्हटलं.

"आन् गरज कितीची हाय?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी एकेक खोली बंद करत गेले. मेल पाठवायची, चित्रं लहान करायची, जुने डाव शोधायची. चार उरल्या आणि साइट सुरू झाली. एकशे सदतीसचा अर्थच मुळी 'मेमरी संपली' असा होता. अण्णा संदेशला म्हणाले, "इंजिन बोलतं राव. आपुन ऐकायचं."

*

चाचणीसाठी या साइटबरोबर काही खोटे खेळाडू तयार मिळतात. नावं, फोटो, देश, खेळाच्या ताकदीचं रेटिंग, सगळं मशीननेच रचलेलं. मी स्वयंपाकाला उठले आणि अण्णांना म्हटलं, बघा जरा पट कसा दिसतो.

त्यांनी यादीतला चांगला दोन हजार रेटिंगवाला निवडला आणि डावाचं आव्हान पाठवलं. भाकरी झाल्या, कालवण झालं, मी ताट वाढलं, तरी अण्णा हलेनात.

"थांब जरा. पावना इचार करतोय."

"अण्णा, तो माणूस नाहीच आहे. खोटा आहे तो."

"आसं कसं? दोन हजार रेटिंग हाय त्याला."

"तेही खोटं."

अण्णांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. पाच-पन्नास देशांची हसरी माणसं. मग ताटावर येऊन बसले आणि म्हणाले, "यवढ्या लोकांत खरं कुनीच न्हाई, आन् माझा खरा मानूस तिकडं पुन्यात पडलाय." त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवर उठले. मलाही जेवण गेलं नाही.

*

आता उडी. कोडमध्ये लिहायचं तर नियम पक्का पाहिजे. मी अण्णांना विचारलं, "राजाला शह बसला असताना उडी चालते का?"

"न्हाई. शह बसला का उडी गेली."

खात्री करावी म्हणून नानांच्या मुलाला मेसेज केला. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून नानांना दाखवला. उत्तर आलं: शह बसल्यावरच तर उडी कामाची, नाहीतर मारायची कशाला?

मी चक्रावले. "अण्णा, मग तीस वर्षं तुम्ही खेळलात कसे?"

"आमी म्हाळुंग्याचं खेळायचो. त्यो पिंपळवंडीचं."

"एकाच डावात?"

"मग? आपापल्या गावचं खेळायचं. त्यात भांडाय काय झालं?"

मशीनला हे कसं सांगायचं? दोन बाजूंना दोन कायदे असलेला खेळ मी उभ्या आयुष्यात टेस्ट केलेला नाही. पाच दिवस लागले. शेवटी अण्णांच्या पांढऱ्याला म्हाळुंगे लावलं, नानांच्या काळ्याला पिंपळवंडी. का चाललं ते विचारू नका. चाललं.

*

ऑपरेशनला तीन दिवस राहिले होते. मी मोठ्या आनंदात साइटची लिंक या डावासाठी केलेल्या ग्रुपवर टाकली. संदेशचा मेसेज, उघडत नाही. नानांच्या मुलाचा मेसेज, उघडत नाही. माझ्याकडे मात्र झकास उघडत होती. तासभर डोकं खाजवल्यावर उजेड पडला. त्या लिंकचा अर्थच 'याच मशीनवर बघा' असा असतो. संदेशचा फोन ती साइट संदेशच्याच फोनमध्ये शोधत होता, आणि पुण्यातला फोन पुण्यातल्या फोनमध्ये. साइट सगळ्या जगासाठी उघडायची तर वेगळं मशीन हवं, आणखी बरंच काही हवं. मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि शिकायला दिवस उरले नव्हते.

मी अण्णांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे येबसाइट ह्या लॅपटॉपमधीच हाय?"

"हो."

"मग उचल की."

*

रविवारी आम्ही पुण्यात, नानांच्या मुलाच्या घरी. नाना पाठीवर उताणे, हलायची परवानगी नाही. नातवाचा लाकडी पट घरात होता, पण आडव्या माणसाला दिसेल असा तिरका धरला की सोंगट्या घरंगळायच्या. लॅपटॉपचं तसं नाही. मी तो नानांच्या तोंडावर तिरका धरून उभी राहिले. त्यांनी बोटाने दाखवायचं, मी चाल करायची, मग अण्णांकडे फिरवायचा. दीड तास. माझे हात भरून आले, पण दोघांपैकी एकालाही माझ्याकडे बघायला वेळ नव्हता.

मग अण्णांच्या वजिराने शह दिला. नानांचा राजा कोपऱ्यात. पिंपळवंडीच्या कायद्याने उडी मारली की सुटला असता, आणि उडी अजून शिल्लक होती. पाच दिवस मी हेच तर लिहिलं होतं! नानांचं बोट उडीच्या घरावर आलं, तिथे जरा थांबलं, आणि मागे गेलं. त्यांनी राजा एक घर सरकवला. पुढच्या तीन चालींत मात झाली.

अण्णांनी वाकून त्यांच्या कानात विचारलं, "उडी व्हती की तुझ्याकडं. मारली का न्हाईस?"

"ठेवली."

"कशाला?"

"फुडच्या डावाला."

असा नियम म्हाळुंग्यात नाही आणि पिंपळवंडीतही नाही. अण्णा नक्की वाद घालणार असं मला वाटलं. ते सरळ उभे राहिले, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैशू, ह्या डावाची उडी त्याला फुडच्या डावात मिळंल, आसं करता येतं का त्यात?"

मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "येतं."