लीनाच्या थडग्यावरचं पाणी

गेल्या वर्षी आम्ही त्या प्रवासाला निघालो तेव्हा माझी श्रद्धा उडाली होती असं नाही. पण देवाशी बोलायची ताकद उरली नव्हती. सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. दर काही तासांनी पोटातल्या नळीला औषधी पाण्याची पिशवी लावायची, आधीचं पाणी काढून टाकायचं. जर्मनीत, बॉबलिंगेनच्या घरी ऑफिस सांभाळून हे मीच करत होते. संध्याकाळी दत्तमहाराजांपुढे दिवा लावून हात जोडले की जांभई यायची.

सासूबाई जर्मन. मी त्यांना आईच म्हणते. "जायच्या आधी आपल्या माणसांच्या थडग्यांवर एकदा जाऊन यायचंय," एवढंच त्यांनी मागितलं. हॉटेलात पिशव्यांचा व्याप जमला नसता, म्हणून माझ्या नवऱ्यानं, स्टेफाननं, गाडीमागे ओढायचं वोनवागेन आणलं. चाकांवरचं छोटं घरच ते. त्यातलं अर्धं औषधाच्या खोक्यांनीच भरलं.

इथे कबरीला मुदत असते. ती वाढवणारं कोणी नसलं की दगड हलवतात आणि ती जागा दुसऱ्या कोणाला देतात. आजोबांच्या गावी आम्हाला नुसतं गवत दिसलं. मावशीच्या जागी कोणा परक्याचं नाव होतं. दोन्ही ठिकाणांहून निघताना आई गाडीत बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या. आता शेवटचं ठिकाण होतं उत्तरेकडचं एक खेडं. तिथे त्यांची आई, लीना, पुरलेली होती. ती गेली तेव्हा आई शाळकरी मुलगी होत्या, आणि लगेचच वडील त्यांना घेऊन दक्षिणेत आले.

"तिथेही काही नसणार," स्टेफान मला हळूच म्हणाला. "परत फिरू या का?"

मलाही तेच हवं होतं. पाठ भरून आली होती. पण आईंना हे सांगायचं कोणी?

त्या दुपारी रस्ता चुकून आम्ही शेतातल्या अरुंद वाटेवर शिरलो. वोनवागेन मागे घेताना त्याचं चाक चरात उतरलं आणि सगळं घर एका बाजूला कललं. पिशवीची वेळ टळून चालली होती, पण तिरक्या जागेत ती लावता येईना. फोनला रेंज नव्हती. आईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बाहेर येऊन ओल्या गवतात बसले आणि म्हणाले, "महाराज, माझ्याच्यानं आता होत नाही. काय करायचं ते तुम्ही करा." त्यात भक्ती कमी आणि थकवाच जास्त होता.

थोड्या वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. चालवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी फारशी चौकशी केली नाही. साखळी अडकवून वोनवागेन बाहेर ओढलं आणि स्वतःच्या अंगणात नेऊन उभं केलं. हात धुवायला गरम पाणी दिलं. मी पिशवी लावली. आईंच्या गालांवर हळूहळू रंग आला. मग बाईंनी कॉफी ओतत विचारलं, "इकडे कोणाकडे आलात?"

"माझ्या आईकडे," आई म्हणाल्या. "लीना तिचं नाव. पण आता काही राहिलं नसेल."

बाई किटली हातात धरून थांबल्या. "लोखंडी क्रॉसवाली लीना? ती तर माझ्या आईच्या शेजारीच आहे. आमच्या खेड्यात जागेची टंचाई नाही, जुन्या कबरी कोणी हलवत नाही."

दफनभूमी घरामागेच होती. चर्चच्या भिंतीलगत दोन कबरी होत्या, दोन्हींवर सारखीच जांभळी फुलं. गंजलेल्या क्रॉसवर लीनाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. आईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्या आईला पाणी तुम्ही घालता? का?"

बाई गोंधळल्या. "अं... माझ्या आईला घालून कॅनमध्ये नेहमी पाणी उरतं. शेजारी कोरडं ठेवून उरलेलं परत न्यायचं, बरं दिसतं का ते?"

आईंनी कॅन मागितला. भरलेला कॅन त्यांना जड होत होता, म्हणून मी खालून आधार दिला. पाण्याची धार मातीत मुरताना माझ्या लक्षात आलं, हा पितृपक्ष चालू आहे. सांगलीत वारलेल्या माझ्या वडिलांची आठवण दाटून आली आणि त्या परक्या मातीवर मी मनातल्या मनात त्यांचंही नाव घेतलं. आई रडत होत्या. सगळ्या प्रवासात त्या पहिल्यांदाच रडल्या.

रस्ता चुकणं हा योगायोग असेल. मी त्यावर कोणाशी वाद घालत नाही. एवढंच कळलं, की जे आपल्या हातून होत नाही ते आपल्याला पत्ताही नसताना कोणीतरी करत असतं. आपण फक्त हात सैल सोडायचे असतात.

आई हिवाळ्यात शांतपणे गेल्या. यंदा पितृपक्षात मी वडिलांच्या, आईंच्या आणि लीनाच्या नावानं पाणी सोडलं. ओंजळीत थोडं उरलं, ते त्या ट्रॅक्टरवाल्या बाईंच्या आईला दिलं.